शोधकाच्या रकान्यातलं नाव

राळेगावहून सुटलेल्या एस.टी.त भुरीबाई खिडकीशी बसली होती. मांडीवर तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी, पायाशी पाण्याची बाटली. शेजारी तिचा मुलगा प्रेम हातातले कागद पुन्हा पुन्हा वाचत होता. ओठ हलत होते, डोळे मिटत होते, मग परत कागद. चाळिशीला टेकलेला माणूस परीक्षेला निघालेल्या पोरासारखा दिसत होता.

"पाठ झालं काय रे?" भुरीबाईनं विचारलं.

"होऊन राह्यलं, याडी."

"तुले शाळेतही पाठ होत नव्हतं."

प्रेम हसला नाही. अलीकडे प्रत्येक गोष्टीनं भुरीबाईला थकायला होई. तांड्यावरून रस्त्यापर्यंत चालण्यानं, बसची वाट पाहण्यानं, आणि सगळ्यांत जास्त या कागदांनी. अडीच वर्षं झाली, घरात या कागदांचंच बोलणं होतं.

प्रेम धुळ्याकडे पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करायचा, ठेकेदाराच्या हाताखाली. पाच वर्षांपूर्वी त्यानं फोनवर थोरल्या बहिणीला, कोकिळाला, तिथली एक कटकट सांगितली होती. वारा पडला की पवनचक्की वीज देत नाही, उलट लाइनीवरून वीज ओढते. आतलं तेल गरम ठेवायला, पाती वळवायला, तोंड वाऱ्याकडे फिरवायला. लाइन जाऊन परत आली की तीसच्या तीस चक्क्या एकाच दमात वीज ओढू लागतात, आणि लाइन पुन्हा बसते. कधी कधी अर्धा दिवस हाच खेळ.

"अरे, हे तर आपल्या डीपीसारखं झालं," कोकिळा म्हणाली होती.

तांड्याच्या शिवारात तिनं लहानपणापासून हेच पाहिलं होतं. लाइन आली की साऱ्यांच्या विहिरीवरचे ऑटो-स्टार्टर एकदम मोटारी चालू करत, डीपीचा ट्रान्सफॉर्मर जळे, आणि नवा येईपर्यंत गहू उभ्या उभ्या सुके. कोकिळा शिकलेली. यवतमाळच्या एका तंत्रनिकेतनात ती तासिका तत्त्वावर इलेक्ट्रिकल शिकवायची. बाभुळगावातलं घर, दोन मुलं, वणीच्या कोळशाचा ट्रक चालवणारा नवरा आठवड्यातून एकदा घरी येणारा. या सगळ्यातून उरलेल्या वेळात तिनं दोन वर्षं त्या कटकटीवर डोकं लावलं. प्रेमकडून चक्क्यांच्या नोंदी मागवल्या, जुन्या संगणकावर मांडल्या, वही भरली, खोडली, दुसरी भरली. शेवटी तिला वाट सापडली. चक्क्यांना घड्याळाच्या ठोक्यानं पाळी लावायची नाही. कोणत्या चक्कीला वारा आधी लागणार हे ओळखून ती आधी उठवायची, आणि तिनं तयार केलेल्या विजेवर पुढची उठवायची. लाइनीवर भार येतो तो पहिल्या दोन-तीन चक्क्यांपुरता.

पेटंटसाठी अर्ज करायचं ठरलं तेव्हा सगळे तांड्यावरच्या घरी जमले होते. अर्जात एक रकाना होता, शोधकाचं नाव.

"माह्यं नाव टाक, ताई," प्रेम म्हणाला. "पेटंट निघालं की कंपनी मले पक्क्यात घेईन. तुले त्याचा काय उपेग? तू तं शिकवून राह्यली."

कोकिळा चुलीजवळ बसली होती. "काम मी केलं ना पण," एवढंच ती म्हणाली.

तेव्हा भुरीबाई मध्ये पडली. भाकरी थापता थापता, हात न थांबवता. "पोरी, तुहं नाव बाभुळगावच्या घरचं नाव. घरातली चीज दुसऱ्या घरी कायले घालायची? भावाचं भलं झालं तं माहेर टिकते."

कोकिळानं आईकडे पाहिलं. मग प्रेमच्या हातातला कागद घेतला आणि आपल्या सुबक अक्षरात शोधकाच्या रकान्यात भावाचं नाव लिहिलं.

भुरीबाईला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. नवरा लखीराम गेला त्या वर्षी राळेगावच्या कचेरीत कोकिळानं शेताचं हक्कसोडपत्र असंच केलं होतं. न वाचता सही, त्यानंतर साडीचोळी आणि पुरणाचं जेवण. भुरीबाईनंही तिच्या काळी भावांसाठी अंगठा उठवला होता. तिच्या आईनं उठवला होता, आत्यांनी उठवला होता. तांड्यावरच नाही, गावातल्या कुणबी-तेल्यांत, शहरातल्या शिकल्यासवरल्यांतही हेच चालत होतं. जी बहीण सही करत नाही तिला राखीला दार उघडत नाहीत, हे कुणी सांगायला लागत नव्हतं.

अर्ज गेला. दीड वर्षानं पेटंट कार्यालयाचा परीक्षण अहवाल आला, बारा आक्षेपांचा. यंत्रांना टप्प्याटप्प्यानं वीज देण्याच्या तऱ्हा आधीच निघालेल्या आहेत, त्यांचे जुने दाखले जोडले होते. प्रेमला त्यातलं एक पानही कळलं नाही. उत्तर कोकिळानं लिहिलं, सही प्रेमनं केली. आणि आता सुनावणी होती. मुंबईचे अधिकारी संगणकाच्या पडद्यावरून विचारणार होते. तांड्यावर नेटवर्क धड नाही, म्हणून कोकिळाच्या घरी बसायचं ठरलं होतं. शिवाय कोकिळा जवळ लागणारच होती.

बाभुळगावला पोचले तेव्हा कोकिळा मुलांना शाळेत सोडून नुकतीच आली होती. डोळ्यांखाली काळं, केसांची गाठ कशीतरी मारलेली. तिनं चहा टाकला, शेंगांची पिशवी घेतली, टेबलावर संगणक लावला. भावाची खुर्ची पडद्यासमोर ठेवली आणि स्वतः बाजूला खाली बसली, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. मांडीवर वही, हातात जाड पेन.

"मी लिहून धरीन. तू फक्त वाच," ती म्हणाली.

"मी कोठी बसू?" भुरीबाईनं विचारलं.

"तथी, आतल्या दारात. बोलू नोको."

पडद्यावर एक बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या, साध्या. आधी इंग्रजीत बोलल्या. प्रेम अडखळू लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "मराठीत बोलू या का?" आणि तिथून पुढचं भुरीबाईलाही ऐकू येऊ लागलं. कळत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"ठरावीक सेकंदांच्या अंतरानं एकेक यंत्र चालू करणं हे जुनं आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्यात नवीन काय?"

प्रेमनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ठीक. समजा क्रम लागला, चार यंत्रं सुरू झाली आणि पाचव्याचा संपर्कच तुटला. तुमची पद्धत काय करते? क्रम तिथे थांबतो की पुढे जातो?"

हे कागदात नव्हतं. प्रेमनं खाली पाहिलं. कोकिळा भराभर लिहीत होती. तिनं वही वर धरली. प्रेम वाचू लागला, मध्येच एक ओळ सुटली, अर्थ उलटा झाला.

"म्हणजे ते यंत्र बंदच राहतं?" बाईंनी विचारलं. "मग त्याचं तेल थंड होणार, पुढच्या वेळी ते जास्त वीज ओढणार. हा तर तोटाच झाला."

"नाही, नाही मॅडम, म्हणजे..."

कोकिळाच्यानं राहवलं नाही. दबक्या आवाजात ती म्हणाली, "बंद नाही राहत. रांगेत मागं जाते, शेवटची."

पडद्यावरच्या बाई थांबल्या. चष्मा वर सरकवला. "तुमच्या शेजारी कोणी आहे का?"

प्रेमनं घाईनं मान हलवली. "नाही मॅडम. कोणी नाही."

अशा वेळी माणसाला मागचं काहीबाही आठवतं म्हणतात. भुरीबाईला काहीही आठवलं नाही. तिला समोरची पोरगी दिसत होती, एवढंच. 'कोणी नाही' म्हटल्यावर कोकिळा दचकली नाही, तिनं भावाकडे रागानं पाहिलं नाही. तिनं मान आणखी खाली घातली, गुडघे पोटाशी घेतले आणि वहीचं नवं पान उलटलं. जणू ती तिथे नव्हतीच. ही सवय एका दिवसात लागत नाही. आपणच हिला ती लावली, हे भुरीबाईला त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि ते पाहणं तिला सोसेना.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि प्रेमच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"कोणी नाही काहून म्हणतं? ही बसली हाय ना माही पोरगी, अथी, खाली. कोकिळा नाव हाय तिचं. बाई, हे सारं तिनंच केलं हाय."

"याडी, तू आत बस," प्रेम दात आवळून म्हणाला.

"लय बसली. आता नाही बसत."

मग बाई म्हणाल्या, "त्यांना समोर येऊ द्या."

कोकिळा उठली. पदर सारखा केला. प्रेम खुर्चीवरून बाजूला झाला, पण तिनं खुर्ची घेतली नाही, उभ्यानंच बोलू लागली. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. कोकिळानं उत्तर दिलं. मग दुसरा, तिसरा. वारा मध्येच पडला तर? दोन यंत्रांना एकदम वारा लागला तर? जुन्या दाखल्यात पहिल्या यंत्राची वीज दुसऱ्याला मिळते असं कुठे म्हटलंय का? कोकिळा बोलत गेली. हात हवेत रेघा ओढू लागले. शिवारातली डीपी, मोटारी, ऑटो, सगळं तिच्या बोलण्यात आलं. भुरीबाईला त्यातलं डीपी तेवढं कळलं. लेकीचा असा आवाज मात्र तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

शेवटी बाई म्हणाल्या, "उत्तरं समाधानकारक आहेत. पण अर्जात शोधक म्हणून यांचं नाव नाही. ही लहान गोष्ट नाही. खोटं नाव राहिलं तर अख्खा अर्ज धोक्यात येतो. दुरुस्तीसाठी रीतसर अर्ज करा, दोघांच्या सह्यांनिशी. मी सुनावणी पुढे ढकलते." मग त्यांनी विचारलं, "पहिल्यांदाच का नाही लिहिलंत स्वतःचं नाव?"

कोकिळानं आईकडे पाहिलं नाही. "तसंच ठरलं होतं," ती म्हणाली.

पडदा काळा झाला. प्रेमनं कागद टेबलावर टाकले.

"झालं समाधान? माही नोकरी गेली आता. आणि याडी, तूच म्हटलं होतं, भावाचं नाव टाक म्हून. तूच."

"व्हय," भुरीबाई म्हणाली. "मीच म्हटलं होतं. चुकली मी."

प्रेमनं चप्पल घातली आणि जेवायला न थांबता निघून गेला.

कोकिळा भाताला पाणी ठेवत होती. "कायले बोलली, याडी?" पाठ न वळवता ती म्हणाली. "चाललं होतं. मले सवय झाली आता."

"म्हूनच बोलली."

मग दोघी जेवल्या. अडीचला कोकिळाचा तास होता. ती यवतमाळच्या गाडीला निघाली, भुरीबाई तांड्याच्या.

त्यानंतर प्रेमचा फोन आला नाही. भुरीबाई शेजारच्या लालीबाईच्या फोनवरून त्याला लावायची, घंटी वाजून वाजून बंद व्हायची. तीन आठवड्यांनी कोकिळाच्या पत्त्यावर पाकीट आलं. दुरुस्तीचा अर्ज, खाली प्रेमची सही. सोबत चिठ्ठी नाही, दोन शब्दही नाहीत.

पेटंट पुढल्या वर्षी मिळालं. मागितलेलं सगळं नाही मिळालं, काही कलमं गाळावी लागली. पण शोधकाच्या रकान्यात कोकिळाचं नाव छापून आलं. तंत्रनिकेतनात तिला अजूनही तासाप्रमाणेच पगार मिळतो. प्रेम पक्क्यात लागला नाही. दिवाळीत तो दोन तासांसाठी तांड्यावर आला, आईच्या पाया पडला, विचारलेल्याला हो-नाही म्हणाला आणि संध्याकाळच्या आत निघाला. भुरीबाईनं त्याला दोष दिला नाही. त्याला जे शिकवलं तेच तो करत आला होता.

शेताच्या कागदाचं ती तलाठ्याला विचारून आली. झालेलं हक्कसोडपत्र असं तोंडी मोडता येत नाही, कोर्टात जावं लागेल, त्यानं सांगितलं. कोकिळा म्हणाली, राहू दे, याडी, आता दम नाही.

त्याच महिन्यात लालीबाई बोलवायला आली. तिच्या लेकीचं, सोनूचं हक्कसोडपत्र होतं, चारी भाऊ जमणार होते, पुरणाचा स्वयंपाक होता.

"जेवाले नाही येत मी," भुरीबाई म्हणाली. "पण कचेरीत येईन."

ती खरंच गेली. सोनू बाकावर बसली होती, नव्या साडीत, कडेवर लहान मूल. भुरीबाई तिच्यापाशी जाऊन बसली.

"वाचलं काय, सोनू?"

"काय वाचायचं, मावशी?"

"त्यात लिवलं काय हाय ते. तुले शेत पाह्यजे का नाही, कोणी इचारलं काय?"

सोनूनं भावांकडे पाहिलं. थोरला पुढे आला. "मावशी, आमच्या घरात कायले पडता? तुमच्या घराचं केलं तेवढं पुरे झालं."

लालीबाईनं तोंड फिरवलं. सोनूनं कागद हातात घेतला, पहिल्या दोन ओळी खरंच वाचल्या, मग पेन मागितलं आणि सही केली. मंडळी जेवायला निघून गेली. भुरीबाईला कुणी चल म्हटलं नाही.

कचेरीच्या आवारात गफ्फारभाई दस्त लिहायचे, तीस वर्षांपासून. त्यांनी म्हातारीला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

"मावशी, कायले तरास करून घेता? मी रोज लिहून राह्यलो हे कागद. आजवर एकाही पोरीनं 'नाही' म्हटलं नाही."

"आजवर एकीले तरी इचारलं काय, गफ्फारभाई?"

गफ्फारभाई टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. मग वही उघडून हळूच म्हणाले, "येत्या बुधवारी अजून एक हाय. झाडगावकडची पोरगी."

भुरीबाईचे पाय दुखत होते. तांड्याची गाडी अजून तासाभरानं होती. तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"किती वाजता?" तिनं विचारलं.