आठ-दहा दिवसांचं काम

माझ्या धाकट्या भावाला लाकडातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. तो शाळेत गणित शिकवतो. घरात खिळा ठोकायचा झाला तर तो आधी भिंतीकडे बघतो, मग खिळ्याकडे बघतो, आणि मग म्हणतो, "उद्या बघू." त्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनीनं, हे "उद्या बघू" लग्न झाल्यापासून ऐकलं. सहा महिन्यांपूर्वी दोन बॅगा भरल्या आणि ती निघून गेली.

भांडण झालं नाही. झालं असतं तर परवडलं असतं, भांडण मिटवता तरी येतं. ती जिथं शिवणकाम करते त्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला गेली. जाताना मला फोन करून एवढंच म्हणाली, "ताई, मी दमलेय हो. बाकी काही नाही."

कशानं दमली, ते त्यांचं स्वयंपाकघर पाहिलेल्या कुणालाही कळेल. बोळासारखी लांबट, अरुंद खोली. ओट्याखाली दोन खण, त्यातल्या एकात गॅसचं सिलिंडर. तांदळाचा डबा पलंगाखाली, पिठाचा दाराच्या मागे, साखर आणि चहा कपड्यांच्या कपाटात, साड्यांच्या शेजारी. चहा करायचा म्हणजे आधी घरभर फिरून यायचं आणि तीनदा वाकायचं. आणि एवढं सगळं असताना ओट्यासमोरची अख्खी भिंत रिकामी! तिथं जमिनीपासून छतापर्यंत दोन उंच कपाटं करून द्या, एवढंच तिचं मागणं होतं. दागिना नाही, सहल नाही. मीही भावाला बोलून बघितलं होतं. तो मान हलवायचा. मान हलवण्यात आमच्या मास्तरांचा हात कुणी धरू शकत नाही.

तर एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, ती पुढच्या रविवारी येतेय. मशीन न्यायला. टेम्पो घेऊन येते म्हणाली."

शिवणाचं मशीन तेवढं तिनं घरात ठेवलं होतं. ते इथं आहे तोवर ती परत येईल, अशी त्याची आशा होती. खरं सांगायचं तर माझीसुद्धा. आता तेही चाललं.

"मग?" मी विचारलं.

"मी रजा टाकलीय. तोवर कपाटं करतो. तू ये मदतीला."

"अरे, सुतार बोलाव. दोन दिवसांत करून देईल."

"सुतारानं केली तर त्यात माझं काय?" तो म्हणाला. "तिनं ती बघावीत आणि मशीन नेऊ नये, एवढंच मला हवंय."

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेले.

आमचे मास्तर कागदावर एकदम वाघ. त्यानं भिंत तीन ठिकाणी मोजली, कारण ती मधे पोट काढून उभी होती. जमीन मोरीकडे किती उतरते, तेही काढलं. मग टोकदार पेन्सिलीनं नकाशा काढला. कुठल्या खणात काय, कुठली फळी किती जाड, दार कुठल्या बाजूला उघडणार, सगळं त्यात होतं. आणि एका जागी येऊन त्याचं घोडं अडलं.

"ताई, रोज लागणाऱ्या डब्यांचा वरचा खण किती उंचीवर घेऊ?"

"वहिनीचा हात पोचेल तिथं."

"किती पोचतो?"

"तुझी बायको आहे ना ती?" मी म्हटलं.

तो ओशाळला. एवढी वर्षं एका घरात काढली, आणि तिचा हात कुठवर पोचतो हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. तिची माझी उंची एकच, माझे कपडे शिवताना ती ते स्वतःच्याच अंगाला लावून बघायची. मी चप्पल काढून भिंतीला टेकून उभी राहिले आणि हात वर केला. त्यानं बोटांपाशी पेन्सिलीची खूण केली.

"टाचा उचलू नकोस," तो म्हणाला. "तिला टाचा उचलायला लागता कामा नयेत."

त्या क्षणी मला त्याची इतकी माया आली की मघाचा राग विसरले. हा माणूस वाईट नाही. वाईट असता तर किती सोपं झालं असतं सगळं.

प्लायच्या दुकानातून फळ्या मापानं कापून आणल्या. जमिनीवर चादर अंथरली आणि त्यानं पहिलं कपाट आडवं ठेवून जोडायला घेतलं. आडवं ठेवलं की फळ्या पडत नाहीत, स्क्रू सरळ जातात, काम सोपं. दोन दिवस स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच्या बोटांना फोड आले, एक नख काळं पडलं. पण पेटी अशी काटकोनात जुळली की तो स्वतःच तिच्याभोवती फिरून फिरून बघत होता.

"धर," तो म्हणाला. "उभं करू."

मी खालच्या बाजूला पाय अडवला, त्यानं वरची बाजू खांद्यावर घेतली. कपाट उठलं, अर्ध्याहून जास्त उठलं, आणि खर्रकन आवाज करून थांबलं. वरची कड छताला लागली होती. चुन्याचा पोपडा माझ्या केसांत पडला. आम्ही खाली घेतलं, पुन्हा उचललं. पुन्हा तेच.

"उंची चुकली का रे?"

"नाही. छतापेक्षा दोन बोटं कमी ठेवलीय." तो कपाटाकडे बघत राहिला. मग छताकडे. मग त्याचा चेहरा उतरला. "ताई, उभं करताना ते आधी तिरकं होतं. तिरकं म्हणजे कर्ण. कर्ण उंचीपेक्षा मोठा असतो."

"मग?"

"मग काय! कर्ण छतापेक्षा मोठा आहे. हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवतोय."

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या कुणाकडून हे झालं असतं तर मी पोट धरून हसले असते. पण तो चादरीवर मटकन खाली बसला आणि रडायला लागला. आई गेली तेव्हा जो रडला नव्हता, तो हमसून हमसून रडायला लागला.

"कागदावर सगळं बरोबर होतं ग," तो म्हणत होता. "माझं कागदावर सगळं बरोबर असतं. ती हेच म्हणायची. आता ती येईल, हे मढं असं आडवं पडलेलं बघेल आणि मशीन घेऊन जाईल. आणि तिचं काही चुकणारही नाही."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. मलाही तसंच वाटत होतं. त्या फळ्यांच्या पसाऱ्यात बसून मला पहिल्यांदा वाटलं की हे घर आता संपलं, आणि आम्ही दोघं उगीच त्याला ठिगळं लावतोय.

पण नाक पुसून तो उठला. जोडलेलं सगळं कपाट त्यानं पुन्हा खोललं. एक एक बाजू उभी केली, मी ती मिठी मारल्यासारखी धरून ठेवली, आणि त्यानं जागच्या जागी, उभ्यानंच, फळ्या बसवल्या. दुसरं कपाटही तसंच उभ्यानं जोडलं. एकदा काढलेले स्क्रू जुन्या भोकांत ढिले बसायला लागले, तेव्हा त्यानं काडेपेटीच्या काड्या गोंदात बुडवून भोकांत कोंबल्या. हे कुठं शिकला, देव जाणे. उतरत्या जमिनीसाठी खाली पाचरी मारल्या. भिंतीत भोकं पाडून, प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकून, त्यांत स्क्रू पिळून कपाटं पक्की केली, म्हणजे उद्या कुणी दाराला लटकलं तरी अंगावर येणार नाहीत. दारं आधी वाकडीतिकडी लागली. मग बिजागरीचा एक एक स्क्रू कणभर फिरवत त्यानं चारही दारं एका रेषेत आणली.

तो काम करताना गुणगुणत होता. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. आणि का कुणास ठाऊक, मला त्याच्या गुणगुणण्याचा राग येत होता. इतकं छान जमतंय म्हणून आनंद व्हायला हवा होता. मी दात आवळून फळ्या धरत राहिले.

शनिवारी आम्ही डबे लावले. पलंगाखालचा तांदूळ आला, दारामागचं पीठ आलं, साड्यांतली साखर आली. सगळं एका भिंतीत. मी दार उघडलं, हात वर केला, चहाचा डबा हाताला लागला. टाचा जमिनीला होत्या.

रविवारी वहिनी आली. मी आधीच येऊन बसले होते. दार मी उघडलं, आणि आधी तिच्या मागे बघितलं. टेम्पो नव्हता. बरोबर कुणी माणूस नव्हता. खांद्याला तिची रोजची पर्स होती आणि हातात एक कापडी पिशवी, एवढंच. मशीन काही पर्समध्ये घालून नेत नाहीत. तिनं चपला काढल्या, नेहमीच्या कोपऱ्यात सरकवल्या, पिशवी तिथंच टेकवली, आणि पर्स दारामागच्या हुकाला अडकवली. मला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली.

"ये ना, आत ये," भाऊ म्हणाला. लग्नात नवरा मुलगा घाबरतो तसा घाबरला होता.

ती स्वयंपाकघराच्या दारात थबकली. मग हळूहळू पुढे गेली. एक दार उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं. फळीवरून बोट फिरवलं. तिनं हात वर केला, तो चहाच्या डब्यापर्यंत अल्लाद पोचला. तिथंच थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं.

"तुम्ही केलंत?" तिनं विचारलं.

"मी केलं. ताईनं फळ्या धरल्या."

"सुतार नाही?"

"छे! सगळं मीच," तो म्हणाला. त्याला आनंद मावत नव्हता. आणि मग त्यानं ते वाक्य उच्चारलं. मी तिथंच उभी होते, त्याच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता, पण मलाही तेव्हा कळलं नाही. "काही विशेष नाही ग त्यात," तो म्हणाला, "आठ-दहा दिवसांचं तर काम!"

वहिनीचा हात खाली आला.

"आठ-दहा दिवसांचं," ती म्हणाली.

"हो! आणि त्यातले दोन तर एका चुकीत गेले, नाहीतर आणखी लवकर झालं असतं."

तिनं उघडलेलं दार नीट लावलं, आवाज होऊ न देता.

"मला वाटायचं, हे तुमच्या हातून होण्यासारखंच नाही," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "एखाद्याला गाणं येत नाही, पोहणं येत नाही, तसं. जे येतच नाही त्यावर माणसानं रागवायचं कसं? म्हणून मी कधी रागावले नाही. वाकत राहिले. कुणी विचारलं तर सांगायचे, त्यांना नाही जमत हो." ती थांबली. "आणि तुम्हाला जमत होतं."

"तुझ्यासाठीच शिकलो ग."

"हो," ती म्हणाली. "आठ-दहा दिवसांत."

तिनं फोन काढला आणि टेम्पोवाल्याला पत्ता सांगितला. भावानं "अग, पण" असं दोनदा म्हटलं. टेम्पो आला. टेम्पोवाल्यानं एक बाजू धरली, भावानं दुसरी, आणि मशीन जिना उतरलं. ती कुणावर ओरडली नाही, रडली नाही.

मी तिच्यामागून दारापर्यंत गेले. तिनं हुकाची पर्स काढली. कापडी पिशवी कोपऱ्यात राहिली होती, ती मी उचलून तिच्या हातात दिली. वर घडी केलेला तिचा घरात घालायचा गाऊन दिसत होता. मी गाऊनकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "मी आज राहायलाच आले होते. टेम्पो उगीच म्हटलं होतं."

"मग राहा ना ग!" मी तिचा दंड धरला. "तो बदललाय. बघितलंस ना तू?"

"बघितलं म्हणूनच," ती म्हणाली. आणि जिना उतरून गेली.

हे मी भावाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. फळ्या मीसुद्धा धरल्या होत्या. ते कपाट उभं राहिलं नसतं, आडवं मोडून पडलं असतं, तर त्याच्याकडे बघून ती हसली असती, पदर खोचला असता आणि राहिली असती. तो हरलेला तिला चालला असता. जिंकलेला सहन झाला नाही. हे मी कुणाला समजावू?

बऱ्याच वेळानं आत आले तर स्वयंपाकघर रिकामं होतं. न्हाणीघराच्या दारापाशी खुडबूड ऐकू आली. भाऊ तिथं उकिडवा बसला होता, हातात स्क्रू ड्रायव्हर. त्या दाराला आतून कडी लागत नाही. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून लागत नव्हती. आंघोळीला जाताना ती दाराला पाण्यानं भरलेली बादली लावून ठेवायची.

"ही पण बसवतो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. डोळे लाल झाले होते, पण हात भराभर चालत होते. "ती पुन्हा कधी आली तर. हे तर काहीच नाही, ताई. अर्ध्या तासाचं काम आहे."

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले.

"कर," मी म्हटलं. "पण तेवढं तिला सांगू नकोस."