झऱ्याच्या वाटेवरचा सातवा

आम्हाला सहा सुरुंग सापडले होते. नाचिलोम्बो आजी म्हणत होती, सात.

"तो सोजीर सात वेळा वाकला. मी मोजलंय."

लढाईच्या दिवसांत ती वरच्या कातळावर मका कांडत होती. तिथून तिने एका शिपायाला झऱ्याच्या वाटेवर सुरुंग पुरताना पाहिलं. त्यानंतर झऱ्याची वाट बंद झाली ती झालीच. एकतीस वर्षं गावच्या बायका डोक्यावर घागर घेऊन दीड तास लांबच्या नदीवर जात होत्या.

"अगं आजी," आमचा मुकादम कास्सोमा हसला, "सातव्यांदा बुटाची नाडी बांधली असेल त्यानं!"

"नाडी? अनवाणी होता मेला."

वाट दुसऱ्या दिवशी गावाच्या हवाली करायची होती. त्या कागदावर आमच्या सुरुंग काढणाऱ्या तुकडीत जमीन शेवटची तपासणारीची सही लागते, म्हणजे माझी. मी म्हटलं, "आजीचं खरं-खोटं झाल्याशिवाय मी सही करणार नाही."

"फेलिस्बेला," कास्सोमा म्हणाला, "हद्दीच्या लाल खुंट्यांच्या आतली वीतन्‌वीत तपासली आपण. सकाळी जपमाळेला गुडघे टेकतेस, दिवसभर मातीत टेकतेस. दुखत नाहीत का गं?"

"दुखतात. पण सातव्याचा छडा लागल्याशिवाय आजी वाटेवर पाऊल टाकणार नाही, आणि ती टाकेपर्यंत गावातलं कुणीच टाकणार नाही."

मी आजीचा हात धरून कातळावर चढले. खाली सापडलेल्या सुरुंगांच्या जागी रोवलेल्या आमच्या सहा पांढऱ्या खुंट्या दिसत होत्या, दर दहा पावलांवर एक, सुतात धरल्यासारख्या सरळ. त्यांच्यापुढे वाट मात्र डावीकडे वळत होती.

"हे वळण गुरांनी पाडलं, नंतर," आजी म्हणाली. "जुनी वाट सरळ जायची. पेरूखालून."

पेरूचं झाड लाल खुंट्यांच्या बाहेर, बिनधोक समजलेल्या जमिनीत होतं. आणि तिथेच आमच्या तुकडीतला झेरेमियास उद्याच्या समारंभाच्या मांडवासाठी खड्डा खणायला पहार उचलत होता.

माझा आवाज कधी अंगणाबाहेर गेलेला नाही. त्या दिवशी तो दरीपार गेला.

"पहार मारू नकोस! आल्या पावली मागे हो!"

पहार हवेतच थांबली. झेरेमियास आपल्याच पावलांच्या ठशांवरून मागे आला, ओठ पांढरे पडलेले.

मी तोंडापुढे काच असलेलं शिरस्त्राण चढवलं, मनात देवाचं नाव घेतलं आणि गुडघे टेकले. हातभर रुंद पट्टा, बोटभर माती, पुन्हा धातू हुडकणारं यंत्र फिरवायचं, पुन्हा माती. पेरूच्या मुळाशी यंत्र किंचाळलं. हातातल्या छोट्या करणीने बाजूने माती खरवडली तेव्हा सुरुंगाचं हिरवं झाकण दिसलं. झेरेमियासची पहार जिथे पडणार होती तिथून वीतभर अंतर.

दुपारी आम्ही तो सुरुंग जागच्या जागी उडवला. कातळ हादरला, मातीचा फवारा पेरूच्या शेंड्याच्या वर गेला, आणि तो खाली बसायच्या आत बायकांनी जिभा हलवून असा कल्लोळ केला की पलीकडच्या गावातून उत्तर आलं.

संध्याकाळपर्यंत मी पुढच्या दहा पावलांचीही जमीन पाहिली. निव्वळ माती.

कास्सोमाने टोपी काढली. "आजी, चुकलो."

"ते राहू दे. कागद आण, पोरीला सही करू दे."

"उद्या, मांडवात..."

"मांडव तुझ्या लग्नाला घाल. घागर आणा रे कुणीतरी!"

मी कातळावरच सही केली. जमीन साफ करणाऱ्याने आधी चालायचं, ही आमची रीत. मी बूट काढून पुढे निघाले. मागून आजी, तिच्यामागे सगळं गाव. अर्ध्या वाटेवर तिचा कोपर माझ्या बरगडीत बसला.

"हो बाजूला. झरा माझा आहे."

ती पुढे गेली, गुडघाभर पाण्यात उतरली आणि घागर बुडवली.