गॅस पेटायच्या आधीचा घमघमाट

आमच्या घरातला स्वयंपाक आजवर माझ्या हाताने आणि ह्यांच्या नाकाने होत आला. लग्न झालं तेव्हा मला धड काही येत नव्हतं, आणि हे साबणाच्या कारखान्यात वास तपासायच्या कामावर. साबणाचा प्रत्येक घाणा वड्या पाडण्याआधी ह्यांच्या नाकाखालून जायचा. तेल खवट असलं की तिथेच थांबायचा. कारखान्यात ह्यांना नाकोबा म्हणतात, तोंडावरसुद्धा.

घरी हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचे आणि तिथूनच हाक द्यायचे. "अगं, कांदा झाला." "अगं, दूध वर येतंय." "अगं, तळाला लागतंय." हाक आली की माझा हात आपोआप गॅस बंद करायचा. मी कधी कढईत वाकून बघितलं नाही की घड्याळ बघितलं नाही. शेजारीण म्हणायची, तुमच्या हाताला काय अंदाज आहे हो! मी नुसती हसायचे. कौतुक कुणाला नको असतं?

मग ह्यांना तो ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परत येईल, कधी ते मात्र सांगता येत नाही.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं, ते दुसऱ्या कुणाच्या घरात झालं नसेल. मी कांदा टाकायचे आणि हाकेची वाट बघत उभी राहायचे. कान बाहेरच्या खोलीकडे. हे पेपरात. कांदा काळाठिक्कर. धूर दिव्यापर्यंत पोचला की मला आठवायचं, आता हाक येणार नाहीये. दोन धडधाकट माणसं घरात, आणि दूध रोज उतू.

आमची मुलगी चिंगी. नाव लाडाचं, बाई माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि चष्म्याच्या दुकानात नोकरीला. ती आधी पोट धरून हसली. मग हसायची थांबली आणि तोड काढली.

"आई, तू चायनीज नूडल्स शीक. सगळं आधी चिरून ठेवायचं, गॅस मोठा करायचा, आणि उभ्या उभ्या काम तमाम. त्यात वाट बघायला वेळच नसतो."

म्हणून त्या रविवारी संध्याकाळी आम्ही मायलेकी ओट्याशी होतो. दुसऱ्या दिवशी हे कामावर परत रुजू होणार होते. सकाळीच मॅनेजरसाहेबांना फोनवर सांगून झालं होतं, "आला साहेब, वास आला. पहिल्यासारखा!" मला बरं वाटलं होतं. पण कुठेतरी खडा लागत होता. हे रोज व्हिनेगरची बाटली नाकाशी धरायचे, डोळ्यांना पाणी आलं की "आला, आला" म्हणायचे. डॉक्टरीणबाईंनी मला बजावून सांगितलं होतं, झोंबणं वेगळं आणि वास येणं वेगळं.

मी नूडल्स जरा कच्च्याच ठेवून उकळल्या, नळाखाली गार केल्या, तेलाचा हात लावून ताटात पसरल्या. चिंगी कोबी चिरत होती. गाजराचे उभे तुकडे एका वाटीत, ढोबळी मिरची दुसऱ्या. लसूण अजून सालीत होता.

तेवढ्यात हे दारात येऊन उभे राहिले. कढई बघितली, ओट्यावरचा पसारा बघितला, छाती भरून श्वास घेतला.

"वा वा! काय घमघमाट सुटलाय!"

आणि खूश होऊन परत गेले.

गॅस पेटवलेला नव्हता.

चिंगीची सुरी कोबीत तशीच राहिली. तिने माझ्याकडे बघितलं, मी कढईकडे. कढई थंडगार.

"आई, बाबांना..."

"कळलं मला."

"अगं, उद्या खवट घाणा पुढे आला तर? बाबा 'छान' म्हणणार आणि तो साबण लोकांच्या न्हाणीघरात जाणार. एकदा बोंब झाली की बाबांना कायमचं घरी बसवतील."

"कांद्याची पात चीर," मी म्हटलं, आणि पदराला हात पुसत बाहेर गेले.

हे खाली बसून उद्यासाठी बुटांना पॉलिश करत होते. एक बूट झाला होता, चांगला चकाकत होता.

"अहो, कसला घमघमाट सुटला होता?"

"नूडल्सचा! आणखी कसला?"

"मी अजून गॅस पेटवला नाहीये."

ब्रश थांबला. मग पुन्हा चालू झाला, त्याच झालेल्या बुटावर.

"असेल. शेजारून आला असेल."

"शेजारचे गावाला गेलेत."

ह्यांनी बूट खाली ठेवला. पॉलिशची डबी उचलून नाकाशी नेली आणि मला दाखवल्यासारखी पुढे केली. "ह्याचासुद्धा येत नाही. डबीत नाक बुडवलं तरी नाही." नाकाच्या शेंड्याला काळा ठिपका लागला होता. एरवी मी हसले असते.

"मग साहेबांना तसं सांगा ना."

"आणि? नाकोबाचं नाक गेलं, तर उरलं काय? नुसता बा?"

"उरलेला मला पुरतो हो. पण उद्या तिकडे जाऊन काय करणार?"

"बघू उद्याचं उद्या. तू जा, तुझं काहीतरी जळेल."

"गॅस पेटवला नाहीये म्हटलं ना!"

मी आत आले ती तणतणतच. राग ह्यांच्यावर नव्हता, पण काढायचा कुणावर तरी होताच, तो कढईवर काढला. गॅस पूर्ण मोठा केला. कढईतून धूर निघायला लागल्यावर तेल टाकलं, मग ठेचलेला लसूण. चिंगी शेजारी उभी राहून मला पळवत होती. "गाजर आधी. हलव, हलव. कोबी. आता मिरची. थांबू नकोस, आई, कुणाची हाक ऐकतेयस?" भाज्या करकरीत असतानाच नूडल्स टाकल्या, सोया सॉस कढईच्या कडेने सोडला, तो चरचरत खाली गेला. मिरपूड, व्हिनेगरचे दोन थेंब, वरून पात. खरं सांगते, वाट बघायला सवडच नव्हती.

"आणि हे शेवटी," म्हणत चिंगीने पिशवीतून एक छोटी काळपट बाटली काढली. दुकानातल्या मैत्रिणीने दिली होती म्हणे. आमच्या घरात असली बाटली कधी आली नव्हती. तिने तीन-चार थेंब सोडले. मी गॅस बंद करायला हात पुढे केला, आणि बाहेरून हाक आली.

"अगं! तीळ भाजतेयस का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, हाक आली आणि मी गॅस बंद केला नाही. झारा हातात तसाच धरून धावले. माझ्या मागे चिंगी, बाटली घेऊन.

हे बूट हातात धरून उभे होते. तोंड आमच्याकडे, पण लक्ष भलतीकडे, एखाद्याने लांबून हाक मारल्यासारखं.

"कसले तीळ, बाबा?" चिंगीने बाटली पाठीमागे लपवली. "घरात तीळ नाहीयेत."

"मग मला का... भाजलेले. जरा जास्तच भाजलेले." ह्यांचा चेहरा उतरला. "भास असेल."

चिंगीने बाटली पुढे केली. तीळ भाजून काढलेलं तेल. ह्यांनी झाकण उघडलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. आम्ही दोघी श्वास रोखून.

"आला," हे म्हणाले. मग, "गेला." मग थोड्या वेळाने, फार हळू, "आला परत."

डोळ्यांत पाणी होतं. पण तेल काही झोंबत नाही.

"अगं, वास असा असतो होय! मी विसरलोच होतो." बाटली हातातच घेऊन मटकन खुर्चीत बसले. "आणि मी त्या व्हिनेगरला वास म्हणत होतो!"

मला वाटलं, आता म्हणतील, बघ, मी म्हटलंच होतं, उद्या जातो. तसं म्हणाले असते तर त्या क्षणी अडवायची ताकद माझ्यात नव्हती. पण ह्यांनी फोन उचलला.

"साहेब, सकाळी मी खोटं बोललो. वास आलेला नाही. म्हणजे, एक आलाय. तिळाचा... हो, एकच. बाकीचे अजून रांगेत असतील."

पलीकडून बराच वेळ बोलणं चालू होतं. हे 'हो', 'बरोबर आहे', 'चुकलं साहेब' एवढंच म्हणत होते. फोन ठेवला आणि असा लांब श्वास सोडला की तो ऐकून माझेच खांदे खाली आले.

"तोवर वजनकाट्यावर माल तोलायला बसा म्हणतायत. रोज सकाळी त्यांच्यासमोर बाटल्या हुंगायच्या. सगळे वास परत आले की जागा माझीच." मग म्हणाले, "खोटं बोलल्याबद्दल वेगळं झापणार आहेत. उद्या, दार लावून."

"झापू दे," मी म्हटलं. "झापलेलं अंगाला लागत नाही."

"आई," चिंगी म्हणाली, "गॅस."

तळाच्या नूडल्स कढईला घट्ट चिकटल्या होत्या, काळ्याकुट्ट. मी झाऱ्याने वरच्या वर काढून ताटल्यांत वाढल्या. हे येऊन बसले, एक घास घेतला, माझ्याकडे बघितलं.

"करपलंय का गं?"

"वास आला?" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

"छे. तुझं तोंड बघून कळलं."

तरी ह्यांनी दोनदा मागून घेतल्या. खाता खाता मध्येच बाटली उघडायचे, हुंगायचे, झाकण लावायचे. चिंगी म्हणाली, बाबा, तेल उडून जाईल. हे म्हणाले, बाटलीतच आहे ना, कुठे जातंय. नाकावरचा काळा ठिपका तसाच होता. आम्ही दोघींनी सांगितलं नाही.

दुसरा बूट राहिला तो राहिलाच. सकाळी एक पाय चकाकता आणि एक मळका घेऊन हे वजनकाट्यावर गेले, आणि तिळाच्या तेलाची बाटली खिशात.