भिंतीकडची चटई

सासूबाई गेल्या आणि माझी झोप उडाली. डोळा लागला की त्यांची हाक ऐकू यायची, मी उठून बसायचे. माझे सासरे किसनराव, आमचे मामंजी, पलीकडच्या खोलीत जागेच असायचे. नवरा नांदेडला नोकरीला. घरात आम्ही दोघंच, आणि एकमेकांशी बोलायचं काय हा प्रश्न.

डॉक्टरांनी मामंजींना योगासनं सांगितली. ते एकटे जाईनात, म्हणून मीही निघाले. आखाडा बाळापूर गावात मेडिकलच्या वर जान्हवीताईंचा क्लास आहे. पुण्याला शिकून आलेली बाई, बोलते गोड, पण हट्टी. तिथं घाई नाही. डोळे मिटून, श्वासाबरोबर एका आसनातून हळूच दुसऱ्यात जायचं. मामंजींना ते छान जमायचं. जन्मभर वखरामागे चाललेला माणूस! माझं सगळं ध्यान मात्र डोक्यावरच्या ओढणीत. खाली वाकलं की ती नाकावर यायची.

खरी पंचाईत शेवटी व्हायची. "आता शवासन, सगळे पाठीवर झोपा," असं जान्हवीताई म्हणाली की मी टुणकन उठून बसायचे. सासऱ्यासमोर आडवं व्हायचं? आमच्याकडची सून तापानं फणफणली असली तरी सासऱ्याची चाहूल लागताच उठून बसते.

"विजयाताई, झोप येत नाही म्हणता ना? मग हेच कसं चुकवता?"

"मी बसूनच बरी हाय," मी म्हणायचे. मनात म्हणायचे, तू आधी सून हो, मग मला शिकव.

एक दिवस तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, कशाची एवढी लाज वाटते?" मला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात मामंजी उठले. मला वाटलं, चिडले, निघाले घरी. त्यांनी आपली चटई उचलली, पार भिंतीपाशी नेऊन टाकली आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

"नीज विजया," ते भिंतीकडे बघतच म्हणाले. "मी न्हाई बघत. तुझी सासूबी माझ्या बापासमोर कदी आडवी झाली न्हाई. लई थकून जायची. मला दिसायचं, पण मी काई बोललो न्हाई."

मी आडवी झाले. ओढणी तोंडावर ओढली आणि सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले. झोप कधी लागली, कळलंच नाही.

जाग आली तेव्हा क्लास रिकामा होता. ऊन माझ्या पायांवर आलं होतं. जान्हवीताई दाराशी गुपचूप बसली होती. आणि मामंजी तसेच, भिंतीकडे तोंड करून. त्यांच्या चहाची वेळ केव्हाच टळली होती. एरवी चहाला उशीर झाला की घर डोक्यावर घेणारा हा माणूस!

मी उठून बसले तशा बांगड्या वाजल्या.

"झाली का झोप?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

मी सवयीनं ओढणीकडे हात नेला, आणि तसाच मागे घेतला.

"न्हाई मामंजी," मी म्हटलं, "जराशी राहिली." आणि पुन्हा आडवी झाले.