पिंजऱ्याचा डावा पाय

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. पाच दारे, पेट्रोलचे छोटे इंजिन आणि पांढरा रंग, अशी माझी साधी बनावट. माझ्यासारख्या असंख्य गाड्या त्याच कारखान्यातून बाहेर पडल्या आणि गावोगावी गेल्या. कोणी लग्नाला गेली, कोणी दवाखान्यात, कोणी बाजाराला. शर्यतीत धावायचे माझ्या स्वप्नातही नव्हते. तरी मी धावले. पण त्या धावण्याआधीचे दिवस मी ज्या धास्तीत काढले, ती धास्ती वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. माझ्या अंगातला एक दोष फक्त मलाच ठाऊक होता, आणि मला तोंड नव्हते.

मला राजुरीच्या कुंडलिकअण्णांनी घेतले. अण्णांचे रान टोमॅटोचे. हंगामात मागची सीट आडवी पाडून माझ्यात क्रेट भरायचे आणि नारायणगावच्या बाजारात जायचे. येताना खताच्या गोण्या असायच्या. एखादी गोणी उसवायची आणि पांढरे दाणे माझ्या मॅटखाली घरंगळायचे. वरून चिखलाचे ओले पाय यायचे. खत ओलावा धरून बसते आणि पत्रा हळूहळू खाते, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. मी ते अंगावर शिकले.

वरून मात्र माझे फार कौतुक व्हायचे. दसऱ्याला अण्णा मला चोळून चोळून धुवायचे, झेंडूचा हार घालायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "आमची पांढरी लई गुनाची. कधी वाटंत बसली न्हाई." मी खूश व्हायचे. पण माझ्या तळाकडे कधी कोणी वाकून पाहिले नाही.

अण्णांची मुलगी वृषाली नारायणगावात गाडी चालवायला शिकवायची. शिकवताना ती इतकी सावकाश चालवायची की मागचे लोक हॉर्न वाजवायचे. पण सुट्टीच्या दिवशी मला घेऊन ती माळावर जायची आणि धुळीच्या वाटेवर अशी वळवायची की माझी चाके गाणे म्हणायची. एकदा तिने आंबेगाव तालुक्यात रॅली, म्हणजे कच्च्या वाटांवरची गाड्यांची शर्यत, होणार असल्याचे ऐकले आणि घरी येऊन अण्णांच्या मागे लागली.

"शर्यतीच्या गाड्या येगळ्या असत्यात, पोरी," अण्णा म्हणाले. "आपली पांढरी काय करनार तितं?"

"अण्णा, त्यातच तर गंमत आहे. ह्या गटात कारखान्यातून आली तशीच गाडी लागते. दुकानात सगळ्यांना मिळते तीच. इंजिन कंपनीचं, गिअर कंपनीचे. ठरवून दिलंय त्यापेक्षा वजन कमी करायचं नाही. इंजिन केवढं आहे त्यावर वर्ग ठरतो. आपला सगळ्यात धाकटा वर्ग."

"मंग बदलायचं तरी काय?"

"वेगासाठी काहीच नाही. जिवासाठी बदलायचं. घट्ट धरून ठेवणाऱ्या सीटा, खांद्यावरून येणारे पट्टे, आग विझवायची नळी आणि आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा. गाडी उलटली तर टप आपल्या डोक्यावर येऊ नये म्हणून."

अण्णांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग वृषाली हळूच म्हणाली, "ह्या मॉडेलला शर्यतीची मान्यता ह्या वर्षापुरतीच आहे. पुढच्या वर्षी पांढरीला कोणत्याच वर्गात घेणार नाहीत."

"मंग जा," अण्णा म्हणाले.

रॅलीत चालकाशेजारी एक वाटाड्या लागतो. वाट आधी पाहून केलेल्या खुणा तो मोठ्याने वाचतो आणि पुढचे वळण सांगतो. वृषालीने त्यासाठी आपल्या वहिनीला, तेजस्विनीला विचारले. तेजस्विनीचा आवाज खणखणीत आणि डोके थंड होते. तिची लेक नुकतीच बालवाडीत जाऊ लागली होती. "मी येते ताई," ती म्हणाली, "पण पोरीला आधी सांगू नका. ती पण येते म्हणेल."

पिंजरा अमृतने बसवला. आळेफाट्याच्या वाटेवर त्याचे वेल्डिंगचे दुकान होते. माणूस कसबी, पण कामाचा ढीग पडलेला. पिंजऱ्याचे पुढचे दोन पाय दोन्ही सीटांपाशी माझ्या तळाला जोडायचे होते. त्याने मॅट काढली, तांबूस डाग तारेच्या ब्रशने घासले, वर पट्टी ठेवली आणि ठिणग्या उडवल्या. मग काळा रंग मारला. रंगाखाली माझा पत्रा कुजका होता. मी करकरले. मला तेवढेच येते.

"हा कसला आवाज?" वृषालीने विचारले.

"नवं काम हाय ताई. चार दिवस करकरनारच," अमृत म्हणाला.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. वृषाली वेग घेई आणि मी मुद्दाम जोराने करकरे. तेजस्विनी हसत शेजारी बसे आणि मला तिच्या पायाखालचा पातळ पत्रा आठवे. ह्या दोघींना वाटत होते की आपल्याभोवती लोखंडाचे घर आहे. त्या घराला पायाच नव्हता.

रॅलीच्या आदल्या दिवशी लोणीच्या माळावर तपासणी होती. गाड्या ओळीने उभ्या होत्या. तपासणीस होत्या नूतन मॅडम, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या शिक्क्याशिवाय एकही चाक पुढे सरकणार नव्हते. त्यांनी माझा नंबर पाहिला, इंजिन पाहिले, मला वजनकाट्यावर चढवले.

"इंजिन कंपनीचंच. वजन नियमात. पट्टे ठीक," त्या म्हणाल्या. वृषालीने सुटकेचा श्वास सोडला. मी मात्र मनात म्हणत होते, 'बाई, वाका. एकदा खाली वाका.'

त्या वाकल्या. वृषालीच्या सीटपाशी पिंजऱ्याच्या उजव्या पायाशी गुडघे टेकून त्यांनी पेचकस दाबला. तो रंगातून, पत्र्यातून आरपार गेला आणि खालच्या गवतावर तांबडी भुकटी सांडली.

वृषाली पुढे होऊन वाकली.

"मॅडम, वेल्डिंग पक्कं आहे," वृषाली कशीबशी म्हणाली.

"वेल्डिंग पक्कं आहे. ज्याच्यावर केलंय ते पक्कं नाही. गाडी उलटली तर हा पाय तळ फोडून खाली जाईल आणि टप तुमच्यावर येईल. ह्या गाडीला मी सोडणार नाही."

अण्णा पुढे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "येवढ्याशा भोकासाठी? टनानं माल वाह्यलाय हिनं! बायांची गाडी हाय म्हनून आडवताय व्हय? तिकडं त्या मोठ्या गाड्या सोडल्या न्हवं तुमी!"

"काका, त्यांचेही पाय मी असेच पाहिलेत," नूतन मॅडम शांतपणे म्हणाल्या. "ज्या गटात वेगाला महत्त्व नाही, फक्त वेळ पाळायची असते, त्यात पिंजरा लागत नाही. त्यात जायचं असेल तर आत्ता जा. नाहीतर तळ कापून नवा पत्रा जोडा. दिवस मावळेपर्यंत मी इथेच आहे."

एवढे बोलून त्या पुढच्या गाडीकडे गेल्या. भांडणाच्या गोंधळात पिंजऱ्याचा डावा पाय पाहायचा राहूनच गेला.

वृषालीने डोळे पुसले आणि अमृतला फोन लावला. तो पिकअपमध्ये वेल्डिंगचे यंत्र आणि जनरेटर टाकून आला. तांबडी भुकटी पाहून त्याचा चेहरा पडला. "घाई केली मी," एवढेच तो म्हणाला आणि कामाला लागला. उजवीकडचा कुजका तळ त्याने कापून टाकला. नवा जाड पत्रा कडेच्या मजबूत चौकटीपर्यंत वळवून नेला आणि त्यावर पाय जोडला. मित्रांनो, कापताना दुखले का, असे विचाराल तर दुखले. पण किडका दात निघाल्यावर जसे वाटते, तसे वाटले.

सूर्य टेकडीकडे झुकला होता. अमृतने घाम पुसता पुसता सहज डावीकडची मॅट उचलली आणि ठोकून पाहिले. आवाज बद्द आला.

"हितं पन पातळ हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "पन भोक न्हाई पडलेलं. मॅडमनी उजवीकडचं दाखवलं, हिकडचं न्हाई. हे बी कापत बसलो तर दिवस मावळंल ताई. वरून रंग मारू का?"

 वृषालीने सूर्याकडे पाहिले, ओळीतल्या बाकीच्या गाड्यांकडे पाहिले. मला तिचा राग येईना. किती दिवस ती उद्याच्या त्या एका सकाळची वाट पाहत होती! पण मी आतून गोठून गेले होते. 'बोल,' मी म्हणत होते, 'कोणीतरी बोला.'

अण्णा जवळच टायरवर बसले होते.  ते उठले.

"वृषा, तिकडं कोन बसतं?"

वृषालीने मान खाली घातली. "वहिनी."

लांब बाभळीखाली तेजस्विनी फोनवर लेकीशी बोलत होती. जेवलीस का, वेणी कोणी घातली, असे काहीबाही विचारत होती.

"मंग काप," अण्णा अमृतला म्हणाले. "दिवस मावळला तर मावळू दे."

अमृतने कापायला घेतले. पत्रा धरायला अण्णा स्वतः बसले. वृषालीने जनरेटर सांभाळला. नूतन मॅडम आल्या तेव्हा माळावर तांबूस उजेडाची शेवटची पट्टी उरली होती. त्यांनी उजवा पाय पाहिला, मग डावा. दोन्हीकडे पेचकस दाबून पाहिला.

"डावीकडचं मी सांगितलं नव्हतं."

"आम्हाला दिसलं," वृषाली म्हणाली.

मॅडमनी माझ्या काचेवर शिक्क्याचा कागद चिकटवला आणि त्या निघून गेल्या.

सकाळी आम्ही सुटलो. पहिला टप्पा लोणीच्या माळावरचा. तेजस्विनीचा आवाज खणखणत होता, "उजवं सोपं, मग चढ, चढानंतर डावं अवघड!" आणि वृषाली मला तशी वळवत होती. माझी भीती ओसरू लागली होती. आमच्या वर्गात आम्ही पुढे आहोत असे टप्प्याच्या शेवटी कोणीतरी सांगितले, तेव्हा दोघींनी एकमेकींच्या हातावर टाळी दिली.

दुसऱ्या टप्प्यात महाळुंगे पडवळच्या बाजूला एक उतार होता. पुढे गेलेल्या मोठ्या गाड्यांनी वळणावरची माती उकरून मुरूम मोकळा केला होता. वृषालीने ब्रेक दाबला, पण माझी चाके ठरेनात. मी घसरत कडेला गेले. पुढचे चाक पाटाच्या कोरड्या चारीत उतरले, तिच्या काठावर आदळले, आणि आकाश खाली आले.

मी डाव्या कुशीवर पडले, मग टपावर, मग मागे कलंडून पुन्हा डाव्या कुशीवर. टप चेपला. काचा फुटल्या. सगळा भार पिंजऱ्याच्या डाव्या पायावर आला. कालचा नवा पत्रा वाकला, करकरला, पण तुटला नाही. मी त्याला जीव खाऊन धरून ठेवले. एवढ्या जोराने मी आयुष्यात काही धरले नव्हते.

मग सगळे थांबले. धूळ खाली बसू लागली.

"वहिनी?" पट्ट्याला लटकलेल्या वृषालीने हाक मारली. उत्तर नाही. "वहिनी! अगं बोल ना! वहिनी!"

त्या क्षणी मला वाटले, माझे इंजिन कायमचे बंद पडावे.

"ताई," खालून बारीक आवाज आला, "ओरडू नका. मी पुढचं वळण शोधतेय. पान उडालं वाटतं."

वृषाली हसायला लागली आणि हसता हसता हमसून हमसून रडायला लागली. टेकडीवर मेंढरे चारणारे सोमाजीबाबा आणि रॅलीची माणसे धावत आली. त्यांनी दोघींना मागच्या दारातून बाहेर काढले. तेजस्विनीच्या मनगटाला मुका मार होता. वृषालीच्या कपाळाला खरचटले होते. बाकी काही नाही.

मला ट्रॅक्टरने ओढून माळावर आणले. अण्णा मुलीला भेटले, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग माझ्याकडे आले. फुटलेल्या काचेतून आत हात घालून त्यांनी पिंजऱ्याचा डावा पाय चाचपला. तिथे त्यांचा हात बराच वेळ राहिला. मग ते नूतन मॅडमकडे गेले.

"मॅडम, काल मी लई वंगाळ बोललो तुमाला."

"काका, मला रोज कोणीतरी बोलतंच."

"बोलू द्या," अण्णा म्हणाले.  "ऐकून घ्या. पन सोडू नका कोनाला. माझ्यासारकं कोनी कितीबी वरडू द्या."

नूतन मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि नुसती मान हलवली.

मित्रांनो, आम्ही बक्षीस जिंकलो नाही. सांगाडा वाकलेल्या गाडीला नियमाप्रमाणे पुन्हा शर्यतीत घेत नाहीत, आणि माझ्या मॉडेलची मान्यताही त्याच वर्षी संपली. अण्णांनी मला भंगारात दिले नाही. मी आता वृषालीच्या शिकवणीच्या शेडमध्ये उभी आहे. गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी माझ्याजवळ आणते. माझा चेपलेला टप पाहून पोरे हळहळतात. मग ती त्यांना गुडघ्यावर बसवते आणि माझा तळ दाखवते.

माझे एवढेच मागणे आहे. आम्ही यंत्रे तुम्हाला जिवापाड जपतो, पण आमचे दुखणे आम्हाला सांगता येत नाही. म्हणून आमच्या वरच्या रंगावर भुलू नका. आणि उद्या एखाद्या तपासणीसाने तुमची गाडी अडवली, तर त्याच्याशी भांडण्याआधी तो कशाकडे बोट दाखवतो ते पाहा, आणि मग तुमच्या शेजारच्या सीटवर कोण बसते, हे स्वतःला विचारा.