गोकुळाच्या गालांची लाली

मी एक जुनी लालीची डबी आहे. तळहातावर मावेन एवढी, गोल, पत्र्याची, कडेला दोन ठिकाणी चेपलेली. मित्रांनो, मला पाहून कुणी हळहळावं म्हणून मी हे सांगायला बसलेली नाही. असली दया मला चालत नाही. चांदा जिल्ह्याच्या झाडीपट्टीत मी नाटकवाल्यांचे गाल रंगवले आहेत आणि जे केलं ते ठणकावून सांगणार आहे. त्यात माझी चूकही आली. तीही सांगते.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पत्रा ठोकून मला घडवलं आणि माझ्या पोटात गुलाबी भुकटी दाबून भरली. झाकणावर एका गोऱ्यापान बाईचं चित्र होतं. त्या चित्राची मला भारी शेखी! जगातले सगळे गाल तसेच असतात, अशी माझी ठाम समजूत होती. १९५३ साली नागपूरच्या एका दुकानातून लटारूने मला उचललं आणि आगगाडीने वडशाला आणलं. तिथून पुढे अर्धा दिवस बैलगाडी. बांध घातलेल्या धानाच्या बांध्या, मोहाची झाडं आणि मग त्याचं गाव. मी नाक मुरडतच तिथे उतरले.

लटारू चितारी होता. पावसाळ्यात कान्होबाच्या मातीच्या मूर्ती रंगवायचा, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा आणि धान खळ्यावरून घरात आलं की गावच्या नाट्यमंडळातल्या नटांचे चेहरे रंगवायचा. तिन्ही कामांना हात तोच. त्याची रीतही बापापासून चालत आलेली एकच होती, आधी खडूचा पांढरा हात आणि मग वर रंग. मूर्तीला खडू, तर माणसाला खोबरेल तेलात कालवलेला सफेदा. त्या पांढऱ्यावर माझी गुलाबी लाली.

तेव्हा गावच्या नाटकातल्या राणीचं काम बिरजू करायचा. मिशी काढलेला, नाजूक जिवणीचा, अंगाने गोरा पुरुष. त्याच्या गालावर मी चढले की पुढच्या रांगेतले म्हातारेसुद्धा पानाची चंची विसरत. लोक म्हणत, "लटारूची डबी लय भारी हाय." मी ते ऐकून फुगून जाई. बिरजूचा गाल मुळातच मला साजेसा होता, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

१९५५च्या हिवाळ्यात मंडळाचा प्रमुख मनसाराम याने ठरवलं की यंदा राणी खरीच बाई करायची. वडशाकडच्या मंडळांत बायका रंगमंचावर उभ्या राहू लागल्या होत्या आणि आपण मागे पडतो, ही त्याला टोचणी. त्याची नजर गोकुळावर गेली. ती तलावावर मासे धरणाऱ्या घरातली सून. वर्ण चांगला काळा, तुकतुकीत. आवाज असा की तलावाच्या या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली तर त्या पाळीवरचा माणूस जाळं सोडून वळून बघे.

गोकुळाची सासू रुखमाबाई कडक बाई. तिने एका अटीवर होकार दिला. "नाटक कर, मी आडवी येत नाई. पन लोक हासले, त् त्या मांडवात पाय ठेवाचा नाई." गोकुळाने मान डोलावली. तिला राणी व्हायचंच होतं. दरबारात उभं राहून राणी राजाला खडसावते, तो प्रवेश तिने मासे निवडता निवडता पाठ केला होता.

पहिला खेळ गावातच झाला. लटारूने नेहमीप्रमाणे सफेदा कालवला आणि गोकुळाच्या चेहऱ्यावर, गळ्यावर दोन हात चढवले. मग मला उघडलं. मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा बावचळले. माझा गुलाबी रंग तिच्या गालावर बसेचना. पांढऱ्याखालून तिचा काळा रंग वर येत होता आणि दोन्ही मिळून चेहरा राखेसारखा दिसत होता. मी काय केलं? मनात म्हटलं, गालच वाईट आहे. अजून लाली लाव, म्हणजे होईल. लटारूलाही तेच वाटलं. त्याने बोट बुडवून बुडवून मला अर्धी रिकामी केली.

गॅसबत्त्या पेटल्या आणि आमचं पितळ उघडं पडलं. त्या पांढऱ्याफटक उजेडात माझा गुलाबी रंग जांभळा दिसायला लागला. गोकुळाला घाम फुटला, सफेद्याला भेगा पडल्या आणि हनुवटीवरून पांढरे ओघळ गळ्यात उतरले. हात मात्र रंगवायचे राहिले होते, ते तसेच काळे. ती दरबारात उभी राहून राजाला खडसावत होती आणि मागून कुणीतरी ओरडलं, "राणी चुलीतून निघाली का बाप्पा!" सगळं मैदान हसलं. गोकुळाने एकही शब्द गाळला नाही. प्रवेश पुरा केला, मग आत येऊन पदराने तोंड पुसलं.

मनसाराम चिडून म्हणाला, "चेहराच नाई राणीचा, त् आपन का करावं? पुढच्या शंकरपटाच्या खेळाले बिरजूच राहील."

रुखमाबाई बांबूच्या तट्ट्याच्या दाराशी उभी होती. "झालं मन भरून? चाल घरी."

त्या वेळी गोकुळाने माझ्याकडे पाहिलं. मला हातात घेतलं, झाकणावरची बाई पाहिली, आतली गुलाबी भुकटी पाहिली. मग लटारूला विचारलं, "भाऊ, ह्या डबीत माहा रंग कुठी हाय?"

लटारू म्हणाला, "नागपूरची डबी हाय वं ती. चांगली हाय."

"चांगली असन. माह्यासाठी नाई." तिचा आवाज चढला. "तुमी मूर्ती रंगवता भाऊ. मूर्ती मातीची राह्यते, तिले झाकाले खडू लागते. तिले घाम नाई येत. मले येते. मी काऊन झाकू माहं तोंड?"

लटारूने सफेद्याची वाटी बाजूला सारली. दोन वर्षं झाकणावरच्या चित्राचा तोरा मिरवला आणि एका मासे विकणाऱ्या बाईने मला चार शब्दांत जागेवर आणलं. खरं सांगते, मला राग आला होता. पण तो राग कुणाचा येतोय, ते कळायला मला रात्र गेली. तो माझा मलाच आला होता.

गोकुळाने मनसारामकडे एकच मागितलं, पुढच्या गावच्या शंकरपटातला खेळ. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती. दिवसा बैल धावतात, दिवे लागले की नाटक. दहा गावचे लोक येतात. "तिथी हासले त् मी आपल्या पायानं तलावावर जाईन. अन् पुन्हा कोन्या बाईले इचारू नोका." मनसारामला मनातून खरी बाई हवीच होती. तो कसाबसा कबूल झाला, पण बिरजूला साडी नेसून तयार ठेवायचं ठरलं. रुखमाबाईनेही "ही एकच खेप" म्हणून बजावलं. हातात आठ दिवस होते.

लटारूने माझी उरलेली गुलाबी भुकटी कागदाच्या पुडीत काढली आणि बिरजूसाठी ठेवून दिली. मी रिकामी झाले. मग तो गोकुळाला म्हणाला, "पाळीपर्यंत पयत जा अन् पयत ये."

ती धावत गेली, धावत आली. धापा टाकत समोर उभी राहिली, तेव्हा लटारूने तिचा चेहरा उन्हाकडे वळवला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. तिच्या गालांवर रक्त चढलं होतं. ते गुलाबी नव्हतं. पिकून सुरकुतायला लागलेल्या बोराचा असतो ना, तसा दाट तांबूस रंग होता. आणि तो मूर्तीच्या गालाला आपण गोल टिकली देतो तसा मधोमध नव्हता, वर हाडाशी होता, कानाकडे सरकत गेलेला. लटारू पुटपुटला, "अरे! हे त् इथी हाय."

मग सुरू झाली खटपट. माझ्या पोटात काय काय येऊन गेलं म्हणून सांगू! नुसतं कुंकू घातलं, ते दिवसा झकास दिसलं. पण लटारू आता शहाणा झाला होता. त्याने भर दुपारी गोठ्याला तट्टे लावून अंधार केला, आत गॅसबत्ती पेटवली आणि गोकुळाला तिच्यासमोर उभं केलं. त्या उजेडात कुंकू काळं पडलं, थोबाडीत खाल्ल्यासारखं. शेंदूर लावला, तो इतका भडक की गालाआधी तोच बोलायला लागला. नुसता गेरू लावला, तर गाल मातकट झाला. तीन दिवस हेच. गोठ्यातली म्हैससुद्धा कंटाळून आमच्याकडे पाठ करून बसली.

चौथ्या दिवशी त्याने गेरू मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळला. दोन वाटे गेरू, एक वाटा कुंकू आणि मोहाच्या बियांच्या तेलाचे थेंब. सफेदा नाही, खाली काहीच नाही. गोकुळाने तोंड नुसतं धुऊन त्यावरून तेलाचा हात फिरवला होता. हाडाशी बोट टेकवून त्याने रंग कानाकडे ओढला.

"रुखमाबाईले बोलवा," गोकुळा म्हणाली. पटाला शेवटची बाई जिथे बसेल, तितक्या अंतरावर सासूला नेऊन उभं केलं. अंधार पडल्यावर मधले तट्टे काढले. रुखमाबाईने डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं.

"मागच्या खेपेले नुसती पांढरी पाटी दिसत होती," ती म्हणाली. "आता माही सून दिसते."

पटाचा दिवस उजाडला. दिवेलागणीला तट्ट्याच्या आडोशाला गोकुळा तयार झाली. एवढ्यात मनसाराम सफेद्याची वाटी घेऊन आला. बाहेरची गर्दी पाहून त्याचा धीर सुटला होता. "हे लाव लटारू, लवकर. राणी अशी कुठी राह्यते का? नाई त् बिरजूले पाठवतो."

लटारूने हात मागे घेतले. "मी नाई लावत."

गोकुळा उठली. "मनसारामभाऊ, मागच्या खेपेले लोक कायले हासले, माह्या गालाले का तुमच्या ह्या चुन्याले? अन् राणी गोरीच राह्यते, हे तुमाले कोन्या राजानं सांगतलं?" पडद्याची घंटा झाली, तशी ती त्याच्या बाजूने वाट काढत सरळ रंगमंचावर गेली. वाटी मनसारामच्या हातातच राहिली.

मी पेटीत उघडीच होते. मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. ती आली तेव्हा गर्दीत कुजबुज झाली. माझ्या पत्र्याला घाम फुटायचा तेवढा बाकी होता. मग तिचा आवाज सुरू झाला. राजाला खडसावण्याचा प्रवेश आला आणि मैदान चिडीचूप झालं. कुणी हसलं नाही. पार मागून, बायका बसतात तिथून, एकीचा आवाज आला, "पाह्य वं, राणी आपल्यावानीच हाय!" आणि त्या काळ्यासावळ्या बायकांनी अशा टाळ्या पिटल्या की धावून दमलेले बैल दचकून उठले.

त्या खेळानंतर पुढचे चार हिवाळे राणी गोकुळाच होती. मनसाराम तर असा बदलला की विचारू नका. माझ्या नव्या रंगाची सगळीकडे वाहवा झाली, म्हणून एकदा राजकन्येच्या कामासाठी त्याने बिरजूलाही तोच लावायला लावला. बिचारा बिरजू चेहऱ्यावर गांधीलमाश्या चावल्यासारखा दिसायला लागला! लटारूने हसत हसत त्याची गुलाबी पुडी काढून दिली. गुलाबीचा काही गुन्हा नव्हता, मित्रांनो. तो बिरजूचा रंग होता. तो सगळ्यांवर थापायचा हट्ट तेवढा चुकीचा होता, आणि त्या हट्टात मीही सामील होते.

आता लटारूची नजर अधू झाली आहे. मंडळात वडशाहून आणलेला नवा रंगांचा संच आहे, चकचकीत, आठ खणांचा. मला कुणी हात लावत नाही. माझ्यात सध्या पडद्याच्या टाचण्या ठेवतात. ठेवोत बापडे. मला गंज चढला म्हणून मी रडणार नाही.

पण माझ्या कडेच्या खाचेत तो तांबूस रंग अजून घट्ट बसला आहे. तो खरवडू नका. परवा बुधरी नावाची एक पोर मंडळात आली आहे, गोकुळापेक्षा उजळ, बिरजूपेक्षा सावळी. तिला हा रंग बोटाने लावून पाहू द्या. शोभला तर ठीक. नाही शोभला तर तिला पाळीपर्यंत धावायला लावा, उन्हात तिचा गाल पाहा आणि तिचा रंग नव्याने कालवा. मी जागा करून देईन. मात्र कुणी आधी तिचं तोंड पांढरं करायला निघालं आणि मग लालीसाठी माझ्याकडे हात पुढे केला, तर नीट ऐकून ठेवा. मी माझं झाकण असं गच्च आवळून धरीन की अख्ख्या झाडीपट्टीतल्या पैलवानांना बोलावलंत तरी ते उघडायचं नाही.