वासराचं औषध

लंगोट बदलायला राजेश्वरीनं बाळाचं झबलं वर केलं आणि तिचा हात तसाच राहिला. चिमीच्या बेंबीभोवती पिवळट तपकिरी डाग होता, चांगला रुपयाएवढा. नाळेचा तुकडा अजून गळला नव्हता आणि डाग बरोबर त्याच्या बुडाशी होता.

पू! पहिलं तेच मनात आलं. दुसरं आलं कावीळ.

पहिलटकरीण म्हणून ती आष्ट्याजवळच्या माहेरी आली होती. सांगलीला सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. काचपट्टीवर रंगवून जे जे पाहिलं होतं, ते बाळ झाल्यापासून तिला दाराच्या कडीवर, पाहुण्यांच्या बोटांवर, आईच्या पदरावर वळवळताना दिसे. हात साबणानं धुतल्याशिवाय बाळाजवळ यायची कुणाला मुभा नव्हती. "बँकेत जायला सोपं हाय, माज्या नातीकडं जायला न्हाई," असं तिचे वडील, लालासाहेब आण्णा, म्हणायचे. पण हात मात्र गपचूप धुवायचे. आणि लंगोट बदलला की दर वेळी राजेश्वरी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून नाळ पुसायची. एवढं करूनही हे झालं?

तिनं वाकून वास घेतला. पुवाचा नव्हता. उग्र, दवाखान्यासारखा वास. असा वास तिनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेतला होता. आणि परवाच गोठ्यातही घेतला होता, गाय व्याली तेव्हा.

"आई!"

चंद्राबाई चुलीपुढून उठून आल्या. पदराला हात पुसत होत्या. लेकीचं तोंड बघून दारातच थांबल्या.

"हे काय लावलंस हिला?"

"आगं, औषध लावलं की. मगाशी तू न्हायला गेलीस तवा."

"कसलं औषध?"

"कालवडीच्या नाळंला लावतो, त्येच. ओलसर दिसाय लागली हुती गं नाळ. जनावराच्या डॉक्टरनंच सांगितलंय, नाळंतनं रोग आत शिरतोय, म्हणून गाय यायल्या यायल्या लावायचं. तवापासनं आपल्या गोठ्यात एक वासरू दगावलं न्हाई."

"आई, ते वासरांचं आहे!"

"मग? जंतू काय वासराचं येगळं आन् माणसाचं येगळं असत्यात व्हय? तुज्या पुस्तकात काय लिवलंय?"

राजेश्वरीला रडू फुटलं. पुस्तकात लिहिलेलं तिला आठवत होतं, आणि तेच नको होतं. हे आयोडीन होतं, आणि आयोडीन कातडीतनं आत जातं. तान्ह्या बाळाच्या गळ्यातली ग्रंथी त्यानं मंदावू शकते. ती मंदावली तर बाळाची वाढ, बाळाची बुद्धी… पुढचं तिच्यानं मनातही म्हणवेना. सीमेवर असलेल्या नवऱ्याला, धैर्यशीलला, काय सांगायचं? तुमच्या मुलीला माझ्या आईनं गोठ्यातलं औषध लावलं?

"आण्णा, गाडी काढा. आणि आई, ती बाटली घे."

"मी बी येऊ?" चंद्राबाईंचा आवाज एकदम बारीक झाला.

"तूच तर लावलंस. चल."

पलूसच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. क्षमा यांनी आधी बाटलीवरची चिठ्ठी वाचली, मग कोमट पाण्यानं डाग हलकेच पुसला. डाग फिका झाला. खालची कातडी गुलाबी होती, फोड नाही, सोलवटलेलं नाही. चिमीनं पाय झाडून जांभई दिली.

"किती वेळा लावलं?"

"एकदाच, आवं. देवाशपथ," चंद्राबाई म्हणाल्या.

"हे फार कडक असतं, आजी. बाळाची कातडी भाजली असती. नशीब, थोडंच लागलंय. एकदा लावल्यानं आतल्या ग्रंथीला धोका नसतो बहुतेक, पण आपण खात्री करू. पुढच्या आठवड्यात टाचेतनं थोडं रक्त घेऊ. दूध पितेय ना नीट?"

"हो."

"मग इतकं पांढरं पडायचं कारण नाही. तुम्ही स्वतः काय लावता नाळेला?"

राजेश्वरी सावरून बसली. या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडं तयार होतं. "स्पिरिट. दर लंगोटाला."

"कशाला?"

"जंतू…"

"दवाखान्यात कुणी सांगितलं होतं?"

"नाही. मीच."

"त्यानं नाळ गळायला उशीर लागतो. काही चांगले जंतूच ती सुकवून पाडतात, तुम्ही त्यांनाही टिकू देत नाही. आजींनी एकदा चूक केली, तुम्ही रोज करताय. आता दोघींनी हात आवरा. धुतलेले हात, कोरडी बेंबी, लंगोट बेंबीच्या खाली. बाकी काहीही नाही. हळद नाही, राख नाही, स्पिरिट नाही, हे तर नाहीच."

गाडीत बसल्यावर चंद्राबाईंना राहवलं नाही. "म्हंजी तूबी चुकलीस म्हण की."

"तू गप बस."

"मी गपच हाय. आपलं इचारलं."

लालासाहेबांनी आरशातनं मागं बघितलं. "दोगींचंबी डिग्रीचं कागद जप्त केलं पायजेत."

राजेश्वरी हसली, आणि हसता हसता पुन्हा रडली. चंद्राबाईंनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

पुढचे दिवस काहीही न करण्याचे होते, आणि तेच जड गेलं. लंगोट बदलताना हात आपोआप स्पिरिटच्या बाटलीकडं जायचा; शेवटी तिनं ती लालासाहेबांच्या ताब्यात दिली. नाळ एका सकाळी आपली आपण गळून लंगोटात पडलेली सापडली. खाली बेंबी कोरडी, स्वच्छ. पण टाचेतनं घेतलेल्या रक्ताचं अजून कळायचं होतं, म्हणून तिनं आनंद अर्धाच केला.

तपासणीचा फोन आला तेव्हा ती चिमीला पाजत होती. चंद्राबाई फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. "व्हय… व्हय बाई… व्हय का?" एवढंच बोलत होत्या. राजेश्वरीनं हात पुढं केला तरी फोन देईनात.

"काय म्हणतायत? आई!"

"ग्रंथी झ्याक हाय. बाई म्हणत्यात, पोरगी ठणठणीत हाय, आता आईला जरा झोपवा."

राजेश्वरीनं डोळे मिटले. धैर्यशीलला संध्याकाळी ती सगळं सांगणार होती, अगदी स्पिरिटसकट. चिमी पिऊन झोपली तेव्हा चंद्राबाईंनी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, धुतलेल्या टॉवेलानं कोरडे केले आणि ते लेकीपुढं उलटेसुलटे करून दाखवले.

"घेऊ?"

"घे," राजेश्वरी म्हणाली आणि कूस बदलून भर दुपारी गाढ झोपली.